दम धरणारे पेट्रोल

ज्या टेबलावर बसून मी हे लिहीत आहे त्यावर कागद उडू नयेत म्हणून एक पिस्टन ठेवलेला आहे. ॲल्युमिनियमचा, आमटीच्या वाटीएवढा. तीन बाजूंनी तो अगदी गुळगुळीत आहे. चौथ्या बाजूला मात्र त्याची वरची कड कुरतडलेल्या भाकरीसारखी तुटली आहे आणि माथ्यावर बारीक बारीक खड्डे पडले आहेत. मी कॉलेजात शिकवतो अर्थशास्त्र. यंत्राशी माझा संबंध वापरण्यापुरता. परंतु हा पिस्टन ज्या मोटारीतून निघाला ती माझ्या आतेभावाची. दुरुस्तीसाठी काही रक्कम मी उसनी दिली होती. आणि ज्याचे पैसे जातात त्याला कारण जाणून घ्यावेसे वाटतेच, नाही का?

हकीकत अशी. आतेभाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठे, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणतात. पाटण तालुक्यात त्यांची शेती आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी पुण्याहून एक जुनी पण ऐटबाज, परदेशी बनावटीची मोटार विकत घेतली. इंजिन टर्बोचे. आधीच्या हौशी मालकाने ताकद वाढावी म्हणून इंजिनाचा संगणक शहरात कुठेसा 'ट्यून' करून घेतला होता. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड कंपनीने स्वच्छ लिहिले होते : किमान ९५. अण्णांचे म्हणणे, "हे सगळे जास्त पैसे काढायचे धंदे. पेट्रोल ते पेट्रोल." म्हणून ते नेहमी साधे पेट्रोल भरीत. आता गंमत पाहा. त्याच अंगणात त्यांच्या मुलाची शंभर सी.सी.ची मोटारसायकल उभी असे, आणि हा पठ्ठ्या तिच्यात हटकून महागडे पेट्रोल ओतून घेई. का, तर "काका, त्यानं गाडी जोर धरते!"

म्हणजे बाप जिथे खर्च करायला हवा तिथे करीत नव्हता आणि मुलगा नको तिथे करीत होता. दोघांची चूक वरवर उलटसुलट दिसते, पण तिचे मूळ एकच. ऑक्टेनचा आकडा म्हणजे पेट्रोलमधली ताकद, असे दोघेही धरून चालले होते. एकाला ती ताकद नको होती, दुसऱ्याला हवी होती, एवढाच फरक. तो आकडा ताकदीचा नव्हेच. मग कशाचा, तेच आज सांगावयाचे आहे.

मे महिन्यात आम्ही चिपळूणहून आंब्याच्या पेट्या घेऊन कुंभार्ली घाट चढत होतो. पाच माणसे, डिकी भरलेली, ऊन रणरणते. अण्णा वरच्या गिअरमध्ये तशीच गाडी दामटीत होते. एका वळणावर इंजिनातून आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून हलवावेत तसा. ॲक्सिलरेटर सोडला की थांबे, दाबला की पुन्हा सुरू. समोर एक पिवळा दिवाही लुकलुकत असे, त्यावर अण्णांनी काळी चिकटपट्टी लावून टाकली होती. "इंजिन तापलंय, दुसरं काय!" असे म्हणून त्यांनी विषय मिटवला. दोन महिन्यांनी गाडी धूर ओकू लागली, तिची ओढ गेली. कराडच्या मिस्त्रींनी इंजिन उघडले आणि हा पिस्टन माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "सर, हा पेट्रोलचा मार आहे."

पेट्रोल कसे काय मारते? त्यासाठी आधी दाबाची गोष्ट समजून घेऊ.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक बोटांना गरम लागते, हे आपणापैकी प्रत्येकाने अनुभवले असेल. शिक्षकांनी वर्गात जरूर करून दाखवावे. पंपाच्या तोंडावर अंगठा धरून दांडा झपाझप दाबला तर अधिकच चांगले समजते. हवा दाबली की तापते. मोटारीच्या इंजिनात हेच घडते. सिलिंडर म्हणजे नळकांडे, त्यात खालीवर होणारा पिस्टन. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते, वर येताना ती दाबली जाते, ऐन वर आल्यावर स्पार्क प्लग ठिणगी टाकतो, मिश्रण पेटते, फुगते आणि पिस्टनला खाली रेटते. पिस्टन तळाला असताना आतली जागा जितकी, ती माथ्याला आल्यावर कितवा हिस्सा उरते, या हिशेबाला संपीडन गुणोत्तर म्हणतात. गॅरेजात त्याला नुसते 'कॉम्प्रेशन' म्हणतात. दहा वाट्या मिश्रण एका वाटीच्या जागेत कोंबले तर गुणोत्तर १०.

इतके कोंबायचे कशासाठी? तर जितके जास्त दाबून पेटवावे, तितकी त्या उष्णतेची अधिक कमाई होते म्हणून. तुटपुंज्या जागेत पेटलेला वायू फुगताना लांबवर फुगतो आणि आपल्यातली उष्णता कामाला लावतो. नाही तर तीच उष्णता धुराड्यावाटे फुकट जाते. पुस्तकी गणित करून पाहिले तर गुणोत्तर ४ असेल तेव्हा शंभरातले सुमारे ४३ भाग काम मिळायला हवे, ६ ला ५१, ८ ला साधारण ५६, १० ला ६० आणि १२ ला ६३. प्रत्यक्ष इंजिनात घर्षण, थंडावा, गळती असे अनेक वाटेकरी असल्यामुळे हे आकडे बरेच खाली येतात, पण चढती पायरी तीच राहते. एक गोष्ट ध्यानात घ्या. ४ वरून ६ वर गेलो तर आठ भाग मिळाले, १० वरून १२ वर गेलो तर तीनच. अर्थशास्त्रात आम्ही याला घटत्या फळाचा नियम म्हणतो. तो इंजिनातही भेटला म्हणून मला जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखे झाले.

फोर्डच्या जगप्रसिद्ध 'मॉडेल टी' मोटारीचे गुणोत्तर जेमतेम ४ होते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप, जिच्यासारख्या जीपगाड्यांची पुढे मुंबईत जोडणी होऊ लागली आणि ज्या आपल्या खेड्यापाड्यांच्या धुळीत वर्षानुवर्षे धावल्या, तिचे गुणोत्तर होते सुमारे साडेसहा. तिला ६८ ऑक्टेनचे पेट्रोल पुरे होत असे. आज बाजारात मिळणाऱ्या लहान मोटारींची इंजिने ११, १२, १३ गुणोत्तराचीही आढळतात. थोड्या पेट्रोलमध्ये जास्त पल्ला मिळतो त्याचे एक कारण हे.

मग १५ का नाही, २० का नाही? सायकलच्या पंपाकडे परत या. दाबले की तापते. गुणोत्तर १० असलेल्या इंजिनात ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तापलेले असते. (डिझेलच्या इंजिनात नुसती हवाच इतकी दाबतात, की नंतर आत उडवलेले डिझेल ठिणगीवाचून पेटते. ट्रॅक्टरवाल्यांना हे ठाऊक आहे. तिथे आपोआप पेटणे हाच गुण. पेट्रोलच्या इंजिनात तोच अवगुण.) ठिणगी पडली की तिच्याभोवती ज्वाळेचा गोळा तयार होतो आणि तो चहूकडे पसरत जातो, वाळल्या गवतात एका टोकाला लावलेली आग सरकत जावी तसा. तीन हजार फेऱ्यांच्या वेगात हे सारे सेकंदाच्या सुमारे चारशेव्या भागात उरकते, तरी ते सरकणेच आहे, स्फोट नव्हे. आता ज्वाळा सरकत असताना पेटलेला वायू फुगतो आणि अजून न पेटलेल्या, कडेच्या कोपऱ्यात उरलेल्या मिश्रणाला आणखी दाबतो. ते आणखी तापते. ज्वाळा तिथे पोचेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या मिश्रणाने दम धरला तर सगळे सुरळीत पार पडते. दम धरला नाही तर तो सगळा कोपरा ज्वाळेची वाट न पाहता एकदम, एका क्षणात भडकतो. आत दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. डब्यातल्या वाटाण्यांचा आवाज तो हाच. यालाच नॉकिंग म्हणतात.

चिखलात रुतलेली बैलगाडी खांदा लावून रेटली तर निघते. तितकाच जोर एका क्षणात घणाने घातला तर गाडी जागची हलत नाही, फळी मात्र फुटते. पिस्टनचे तसेच. शिवाय आणखी एक नुकसान होते, ते बाहेरून कळत नाही. धातूच्या पृष्ठभागाला लागून वायूचा एक पातळ, त्यातल्या त्यात थंड थर असतो. तोच पिस्टनला आतल्या भयंकर उष्णतेपासून वाचवतो. या आदळणाऱ्या लाटा तो थर खरवडून काढतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडते. माझ्या टेबलावरच्या पिस्टनची कड अशी गेली.

घाटातच आवाज का आला, सपाटीवर का नाही, हेही यातच आले. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, म्हणजे सिलिंडर काठोकाठ भरलेला. वरचा गिअर, म्हणजे फेऱ्या कमी आणि कोपऱ्यातल्या मिश्रणाला तापत बसायला वेळ जास्त. त्यात उन्हाळ्याची हवा. दम सुटायला लागणारी सगळी सामग्री एकत्र आली होती. त्या वेळी गिअर खाली घेतला असता तरी बराचसा आवाज थांबला असता.

पेट्रोलने किती दम धरावा हे मोजायचे कसे, हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचा. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात हॅरी रिकार्डो या इंजिनियराने असे एक इंजिन बांधले, की चालू असतानाच त्याचे गुणोत्तर कमीजास्त करता यावे. वेगवेगळी इंधने घालून तो गुणोत्तर वाढवीत नेई आणि खडखड कुठे सुरू होते ते टिपून ठेवी. त्यातून स्पष्ट झाले, की इंजिन किती दाबाचे बांधता येईल हे लोहाराच्या हातात नाही, इंधनाच्या हातात आहे. पुढे अमेरिकेत ग्रॅहॅम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने १९२६-२७ च्या सुमारास मोजपट्टी सुचवली. त्याने दोन शुद्ध द्रव घेतले. एक हेप्टेन, हे जरा दाबले की खडखड करते, त्याला दिले शून्य. कॅलिफोर्नियाकडे जेफ्री नावाचा पाइन वृक्ष आहे, त्याच्या राळेतून ऊर्ध्वपातनाने जवळजवळ शुद्ध हेप्टेन मिळत असे, ते त्या काळी उपयोगी पडले. दुसरा द्रव आयसोऑक्टेन, मोठा सोशीक; त्याला दिले शंभर. ऑक्टेन हे नाव त्याच्या रेणूतल्या आठ कार्बन अणूंवरून आलेले आहे. आता एखादे पेट्रोल परीक्षेच्या इंजिनात जर ९१ भाग आयसोऑक्टेन आणि ९ भाग हेप्टेन यांच्या मिश्रणाइतकाच दम धरीत असेल, तर त्याचा आकडा ९१. त्या पेट्रोलमध्ये ९१ टक्के ऑक्टेन असते असा याचा अर्थ नव्हे. वर्गात हा प्रश्न हमखास विचारला जातो. आयसोऑक्टेनपेक्षाही सोशीक द्रव आहेत, म्हणून आकडा शंभराच्या पुढेही जातो.

परीक्षेच्या रीती दोन आहेत, एक सौम्य आणि एक कडक. आपल्याकडे पंपावर सौम्य रीतीचा आकडा सांगतात. अमेरिकेत दोन्हींची सरासरी लिहितात. तिकडे राहणारी आपली मंडळी सुट्टीत आली की "आमच्याकडे तर ८७ वरच गाड्या पळतात" असे सांगतात, ते खरे आहे, पण तिकडचे ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१-९२.

आता दम आणि ताकद या दोन निराळ्या गोष्टी आहेत याचा पुरावा पाहिजे ना? तो आपल्या उसाच्या फडातच आहे. मळीपासून आणि उसाच्या रसापासून जे इथेनॉल काढतात, त्याचा ऑक्टेन आकडा १०० च्या बराच वर, १०८ च्या आसपास जातो. परंतु एक लिटर इथेनॉल जाळून मिळणारी उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच. दम मोठा, ताकद कमी! आकडा म्हणजे ताकद असती तर हे कसे झाले असते? ९१ च्या आणि ९५ च्या पेट्रोलमध्ये लिटरमागे उष्णतेचा फरक नगण्य असतो. माझ्या पुतण्याच्या मोटारसायकलीचे गुणोत्तर नऊ-दहाच्या आत-बाहेर, सिलिंडर लहान, म्हणून कोपऱ्यापर्यंत ज्वाळा लवकर पोचते. ते इंजिन ९१ वर खडखड करतच नव्हते. जे दुखणे नाही त्याचे औषध घेऊन ताकद कशी येणार? त्याला मी एक महिना कोणते पेट्रोल भरले ते न सांगता गाडी चालवायला दिली. दर वेळी त्याने ओळखायचा प्रयत्न केला. साधे भरले त्याच दिवशी "आज मस्त ओढते" म्हणाला.

याच खडखडीचा इतिहासात एक काळाकुट्ट अध्याय आहे. तो टाळून चालणार नाही. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग याने मोटार सुरू करणारा विजेचा स्टार्टर बनवला. १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत तो प्रथम आला. त्या मोटारी खडखड करू लागल्या तेव्हा लोकांनी दोष त्याच्या विजेच्या सामानाला दिला. चिडून त्याने थॉमस मिजली या तरुण इंजिनियराला कारण शोधायला बसवले. दोघांची पहिली कल्पना विलक्षण होती. बर्फातून डोके वर काढणाऱ्या एका रानवेलीची पाने मागून तांबडी असतात, ती ऊन शोषतात, तर पेट्रोल तांबडे केल्यास तेही लवकर उष्णता शोषून नीट जळेल! तांबडा रंग हाताशी नव्हता म्हणून मिजलीने आयोडीन घातले, आणि खडखड थांबली. मग खरे तांबडे रंग आणून घातले, तर काही उपयोग नाही. रंगाचा संबंधच नव्हता, आयोडीनचा होता. चुकीच्या तर्कातून बरोबर वाट सापडल्याची अशी उदाहरणे विज्ञानात पुष्कळ आहेत.

आयोडीन महाग आणि धातू खाणारे. मग एकामागून एक पदार्थ तपासत ९ डिसेंबर १९२१ रोजी ते शिशाच्या एका संयुगापाशी पोचले : टेट्राएथिल लेड. चमचाभर घातले की पेट्रोल आवाज करीत नाही. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटन गावी त्याची विक्री सुरू झाली. शिसे हे विष आहे हे त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. डॉक्टरांनी इशारे दिले होते. १९२४ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे रसायन करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागला, पाच जण मेले. थोडे दिवस विक्री थांबली, चौकशी झाली आणि पुन्हा सुरू झाली. आणि मद्यार्क मिसळला तरी खडखड थांबते, हे याच दोघांना आधीपासून माहीत होते! पण मद्यार्क पुष्कळ घालावा लागतो, तो कुणीही गाळू शकतो, त्याची मक्तेदारी घेता येत नाही. चमचाभर पुरणाऱ्या शिशाची घेता येते. यात रसायनशास्त्र किती आणि अर्थशास्त्र किती, हे आपणच ठरवा. पुढची कित्येक दशके जगातल्या शहरांतली मुले ते शिसे श्वासातून घेत वाढली. आपल्याकडे १९९५ मध्ये चार महानगरांत बिनशिशाचे पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसे बंद झाले. जगात शेवटी राहिलेल्या अल्जीरियाने ते २०२१ साली थांबवले.

शिसे गेल्यावर आकडा वाढवायचा तर पेट्रोल शुद्धीकरणाच्या कारखान्यातच रेणूंची मोडजोड करावी लागते, किंवा सोशीक द्रव मिसळावे लागतात. त्यात इथेनॉल पुन्हा पुढे आले. आपल्या देशात २०२२ च्या जूनमध्ये पेट्रोलमधले इथेनॉल सरासरी दहा टक्क्यांवर गेले, २०२५ मध्ये वीस टक्क्यांवर. वीस टक्क्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे उष्णता सहा-सात टक्क्यांनी कमी भरते, ही तक्रार खरी आहे. तसेच जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांना ते मानवत नाही, म्हणून त्या तपासून घ्याव्यात, हेही खरे. परंतु इथेनॉलचा दम मोठा आहे, आणि त्या दमाचा फायदा घेणारे, म्हणजे जास्त दाबाचे इंजिन बांधले तर गेलेल्यातले बरेचसे परत मिळवता येते. जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाला मात्र तोटा तेवढा होतो, फायदा काही पोचत नाही.

तेव्हा भरायचे कोणते? २०२० साली लागू झालेल्या भारत स्टेज सहाच्या मानकात साध्या पेट्रोलचा आकडा किमान ९१ आणि प्रीमियमचा किमान ९५ धरलेला होता. आपल्या गाडीची पुस्तिका उघडा, नसेल तर टाकीच्या झाकणाची आतली बाजू पाहा. तिथे ९१ असेल तर ९१ च भरा, अगदी निर्धास्त मनाने. '९५ ची शिफारस' असे शब्द असतील तर इंजिनात बहुधा खडखड ऐकणारा एक चिमुकला कान बसवलेला असतो. नॉक सेन्सर म्हणतात त्याला. कमी दमाचे पेट्रोल आले की तो ठिणगी थोडी उशिरा टाकायला लावतो. इंजिन वाचते, ओढ मात्र थोडी कमी होते आणि पेट्रोल थोडे जास्त लागते. अशा गाडीत ९५ भरल्याने खरोखर फरक पडतो, कारण तिथे इंजिन त्या दमाचा उपयोग करून घेऊ शकते. आणि 'किमान ९५' किंवा '९५ आवश्यक' असे असेल तर तिथे काटकसर नको. टर्बोच्या गाडीत नुसते गुणोत्तर पाहून फसू नका. ते ९-१० च दिसेल, पण टर्बो आधीच दाबलेली हवा आत घालतो, म्हणजे प्रत्यक्ष दाब त्याहून पुष्कळ जास्त. अण्णांच्या गाडीत तर त्यावर हौशी 'ट्यूनिंग'ची भर होती. इतक्या दाबापुढे तो चिमुकला कानही हतबल झाला.

शंभर ऑक्टेनचे पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीत आले तेव्हा लिटरला १६० रुपये पडे, आणि साधे त्या वेळी ८२ च्या घरात होते. जवळजवळ दुप्पट दाम मोजून ते साध्या गाडीत ओतणे म्हणजे पेरूच्या झाडाला द्राक्षाची फवारणी करणे होय.

जुनी गाडी पूर्वी कधी खडखडत नव्हती आणि आता खडखडते, असे झाले तर लगेच महाग पेट्रोलकडे धावू नका. आत काजळीचा थर साचला असेल. त्याने जागा कमी होऊन दाब वाढतो आणि तो थर निखाऱ्यासारखा तापतोही. इंजिनातले पाणी कमी झाले असेल. किंवा पेट्रोलच वाईट असेल. रॉकेलचा ऑक्टेन आकडा फारच खालचा, त्यामुळे त्याची भेसळ थोडी असली तरी दम सुटतो. ही भेसळ म्हणजे केवळ इंजिनाचा प्रश्न नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाची भेसळ पकडायला गेलेले अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना भेसळखोरांनी जाळून मारले, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा प्रत्येक ग्राहकाला हक्क आहे. नळीच्या तोंडाचा एक थेंब त्या कागदावर टाका. दोन-तीन मिनिटांत डाग न राहता उडून गेला तर ठीक. तेलकट डाग राहिला तर तिथे टाकी भरू नका. मागताना संकोच वाटतो खरा, मलाही पहिल्यांदा वाटला.

आता शेवटचे, घाईच्या वेळचे. ९५ ची गाडी घेऊन आडगावी गेलात आणि तिथे ९१ च मिळाले, तर घाबरून जाऊ नका. टाकी भरू नका, पुढच्या मोठ्या गावापर्यंत पुरेल इतकेच घ्या. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबू नका, चढ आला की वेळेवर गिअर खाली घ्या, फेऱ्या थोड्या चढ्या राहू द्या, एअर कंडिशनर चढापुरता बंद ठेवा. पुढे ९५ मिळाले की भरून घ्या. निम्मे हे निम्मे ते झाले तर आकडा साधारण ९३ वर येतो, आणखी एकदा भरले की ९५ च्या जवळ जातो. टाकी रिकामी करायची काही गरज नसते. अण्णा आता कोयनानगरकडे जाताना असेच करतात, आणि पिवळ्या दिव्यावरची चिकटपट्टी त्यांनी काढली आहे.